उजवा अंगठा

मे महिना. दुपारचे दोन.
लेक्चर हॉलचा कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त फेकतोय,
मागच्या बाकांवर तर्री-पोह्याची सुस्ती अजून उतरलेली नाही.
फळ्यावर लिहिते : संमती.
तिसऱ्या रांगेतून लगेच हात वर,
मॅडम, याला मार्क किती?
पाच, मी म्हणते.
पेनांची टोपणं परत लागतात.

बरं. पेनं राहू द्या.
फक्त ऐका, आपण कसं बोलतो ते.
रक्त घेतलं. बीपी घेतलं. हिस्ट्री घेतली.
नऊ नंबरची संमती घेतली का रे?
घेतली, सर.
सकाळपासून आपण घेतच असतो.
देणारी या वाक्यात कुठं बसते
ते व्याकरणात शोधा,
शरीरशास्त्रात नाही सापडायची.

मग मी ते सांगते
जे दरवर्षी सांगते,
आणि दरवर्षी थोडं कमी सांगते.

एकोणीसशे त्र्याण्णव. मी इंटर्न,
दोन रात्रींची जागलेली.
सोमारी मडावी म्हणू तिला.
खरं नाव सांगायची परवानगी तिनं दिलेली नाही.
वय अंदाजे वीस,
अंदाज माझाच.
बाळंतपणानंतर रक्त थांबत नव्हतं.
सर म्हणाले, फॉर्मवर अंगठा घेऊन ये, पळ.
तिच्या डाव्या हातात सलाईन, म्हणून मी उजवा धरला.
छापील ओळ म्हणत होती : डाव्या हाताचा.
कुणी पाहिलं नाही.
शाईचं पॅड उन्हाळ्यानं वाळलेलं,
त्यावर सलाईनचेच दोन थेंब टाकले.
अंगठा तिचा, दाब माझा.

ती काहीतरी म्हणाली. गोंडीत.
चार-पाच शब्द, शेवटी स्वर वर गेलेला.
प्रश्न आहे, एवढं कळलं.
मी म्हटलं, हो हो.

गर्भाशय काढलं. ती वाचली.
सर चुकले नव्हते,
हे हवं तर लिहून घ्या.
चुकीच्या ऑपरेशनची गोष्ट सोपी असते,
ती मी सांगत नाहीये.
बाराव्या दिवशी ती गडचिरोलीच्या बसमध्ये बसली,
पदराखाली बाळ,
आणि मी कशाला हो म्हटलं होतं
ते तिच्याबरोबर गेलं.

शब्द मी जपले. म्हणजे आवाज जपला.
अजनीच्या क्वार्टरमध्ये भांडी घासताना,
सिग्नलला गाडी थांबली की,
ओठांत म्हणत राहिले.
मागच्या वर्षी एटापल्लीचा सैनू उसेंडी
पहिल्या वर्षाला दाखल झाला.
केबिनमध्ये बोलावलं, म्हणून दाखवलं.
त्यानं दोनदा ऐकलं, मान खाली घालून.
मॅडम, हे आता गोंडी नाही राहिलं, तो म्हणाला,
तुम्ही लय वर्षं म्हणून राहिल्या.

वर्गात कुणी हसत नाही.
कूलर एक आचका देऊन पुन्हा सुरू होतो.

उठा. वही नको, स्टेथो नको,
ॲप्रनही बाकावरच राहू दे.
वॉर्ड तेवीस. पंधरा मिनिटं नुसते बसा.
काही घ्यायचं नाही. नाडीसुद्धा.
परत येऊन एवढंच सांगा
की त्यांनी तुम्हाला काय विचारलं.

सगळ्यांत आधी उज्मा काझी येते, घामाघूम.
पार्बताबाई, मॅडम, सतरा नंबर.
त्या विचारतात,
हा कूलर इकडं कवा फिरवान जी?
मग?
फिरवला, मॅडम.
आणि अठरा नंबर?

उज्मा दारात तशीच.
खाली कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक
कुरकुरत लांब जातं.
मग ती ओढणीनं कपाळ पुसते
आणि हजेरी न लावता
जिना उतरू लागते.