रुमालाखाली

सबनीस मॅडमनी फळ्यावर दोन चौकोन काढले,
मध्ये बाण. बाणावर गिचमिड.
हा नॉइज, म्हणाल्या, परीक्षेला येतो.

मी वहीत उतरवून घेतलं, आणि
तुर्भ्याचं फळमार्केट आठवलं, पहाटे चारचं:
पेंढा, डिझेलचा वास, हापूसच्या पेट्यांवर पेट्या
आणि दोन माणसं, एकमेकांकडे न बघता
एकाच रुमालाखाली हात घालून उभी.
बोटं दाबली, सोडली. सौदा झाला.
शेजारी पाठीवर पेटी घेऊन अण्णा,
वीस वर्षं. त्या गिचमिडीत कुठेतरी.

प्रबंधासाठी त्यांचीच मुलाखत घ्यायची ठरवली.
घणसोलीच्या खोलीत, जेवणं झाल्यावर,
मोबाइल उताणा ठेवला पिठाच्या डब्यावर.
"रुमालाखाली नक्की काय बोलतात?"
अण्णा हसले. मग गप्प.
"तोंडानं सांगायचं असतं
तर रुमाल कशाला लागला असता?"

खांद्यावरचा टॉवेल काढून
त्यांनी माझ्या हातावर टाकला.
खाली त्यांचा हात शिरला, पॉलिशपेपरसारखा.
"पुढच्या सेमिस्टरची फी?"
मी चार बोटं दाबली. खोटं.
त्यांनी माझं पाचवंही धरलं
आणि नखानं वर अर्धं.
भाव चढवत नेणारं असं गिऱ्हाईक
अख्ख्या मार्केटात कुणी पाहिलं नसेल.

कळलं कसं, विचारायचं राहून गेलं.
रेकॉर्डिंगमध्ये चोपन्न सेकंद नुसता पंखा.
त्याचं शब्दांकन कसं करतात,
उद्या मॅडमना विचारते.