खुंट

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी सातला,
कालव्याकडच्या फाटकाशी मी उभी असते.
गळ्यात भिंग, हातात यादी,
डोक्यावर बागेची पाटी:
‘फळे तोडू नयेत. पडलेली दाखवून न्यावीत.
कारण विचारू नये.’

आज अकरा मुलं, सहा पालक,
त्यातले एक फोनवर.

आधी वासाचा खेळ.
डोळे मिटा, तळहात पुढे.
कढीपत्ता सगळ्यांना येतो, बेल निम्म्यांना.
कवठाचं पान चुरगळून तस्नीम ओरडते, बडीशेप!
मग माकडलिंबू,
सिंहगडाच्या पायथ्याच्या बीपासून वाढवलेलं,
सात वर्षांत जेमतेम माझ्या कमरेला आलेलं.
त्याचं नाव कुणालाच येत नाही
पण सगळे पुन्हा एकदा हुंगतात.

हे एकाच घरचे, मी सांगते,
लिंबाचे मावसभाऊ. यांना कुणी आणलं नाही,
हे होतेच.
पान उजेडात धरा, ठिपके दिसतील,
वास तिथे साठवलेला असतो.
ओजस पान धरतो, थेट सूर्याकडे बघतो
आणि शिंकतो.

हौदात आता महापालिकेचे गप्पी मासे.
कुणा सरदाराच्या नारिंगांना इथून पाणी जायचं म्हणे.
त्यातलं एक महाळुंग उरलंय, ओबडधोबड,
अंबाबाईच्या हातात असतं तसं,
आणि एक पपनस, जे गौरीच्या आठवड्यात
रात्रीतून रिकामं होतं.
(तेव्हा पाटी कुणी वाचत नाही.)

लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट.
शीट चालते.
मुलगी किंचाळते, मी काडीनं हलकेच टोचते,
ती दोन नारिंगी शिंगं काढते
आणि तिलाही तोच वास.

मग झाड क्रमांक सतरा.
पत्र्याच्या पट्टीवर: मोसंबी.
चार वर्षं मी इथे मुलांना काटे मोजायला लावते.
फळं आंबट, साल खरबरीत.
वय झालं की येतो आंबटपणा,
असं मी सांगत आले. पालक हसत आले.

आज गेनूभाऊ झारी खाली ठेवतात.
“बाई, मोसंबी मेली कवाच.
ह्यो खुंट हाय. जंबेरी.”

गुडघे टेकून ते माती बाजूला करतात.
वीतभर उंचीवर एक गाठ,
गाठीच्या वर वाळकं, पोकळ लाकूड, मुंग्यांचं.
गाठीखालून फुटलेलं हे सगळं हिरवं.
“आमच्या म्हाताऱ्यानं डोळा भरला होता,
केळीच्या सोपटानं बांधला होता.
डोळा गेला. खुंट ऱ्हायला.”

मला का नाही सांगितलंत?
“तुमी इचारलं न्हाई.”
थोडं थांबून, “आन् सावली तर तीच.”

मी यादी उघडते. सतरासमोर पेन टेकवते.
पेन तसंच राहतं.
ज्याला कुणी फळासाठी लावलं नाही,
ज्यानं दुसऱ्याचं गोड पायावर उभं केलं,
त्याचे काटे मी चार वर्षं
दुसऱ्याच्या नावावर मोजले.

“खाल्लं तर चालतं का हो?”
फोनवाले गृहस्थ. फोन आता खिशात.

गेनूभाऊ पडलेलं एक फळ उचलतात, मला दाखवतात,
नियम म्हणजे नियम,
आणि डोळे भरायच्या त्या जुन्या चाकूनं
फोडी करतात. डब्यातलं मीठ.
अकरा मुलं, सहा पालक, मी:
सगळ्यांची तोंडं एकाच वेळी वाकडी.
तस्नीम दुसरी फोड मागते.

बिया मी कागदाच्या पुडीत घेते.
“पेरा,” ते म्हणतात, “दोन वर्सांनी डोळा भरू.”
डोळा आणायचा कुठून?
ती मोसंबी आता कुठेच नाही.
ते झारी उचलतात.
“बघू. आधी खुंट तर येऊ द्या.”