तीन चौकटी

मेरेरिद, पत्र घेऊन आलीस दवाखान्याचं.
तीन चौकटी, एकीत खूण करायची,
आणि मला विचारतेस, यातलं बरं कुठलं.
बस. किटली ठेवते.

पहिली बेव्हनबाई, स्वान्सीची.
तिच्या कागदावर रकाने:
विचार, पुरावा, उलटा पुरावा.
मी लिहिलं, भरती मला नेणार.
किती वर्षं शिंपल्या काढताय? एकतीस.
किती वेळा नेलं?
शून्य लिहिताना हात अडला,
कारण इवानला कुठं मांडायचं
ते कागदावर नव्हतं. माझा भाऊ, माझीच बादली घेऊन गेलेला.
तरी सांगते, रात्री तीनला
ते शून्य कामी आलं.
डोकं थापा मारतं; लेखी मागितलं की चाचरतं.

मग एक पोरगा, कानात बाळी,
माझ्या धाकट्याच्या वयाचा.
तो विचाराशी भांडलाच नाही.
येतोय तर येऊ दे, म्हणाला, बसू दे शेजारी,
तुम्हाला जायचंय कुठं?
असली चीड आली!
माणूस गेलाय आणि हा पत्ता विचारतो.
घरी येऊन बादल्या घासल्या,
चाळणीचा गंज काढला,
तेव्हा कळलं, पत्ता मला पाठ होता.

तिसरं मी घेतलं नाही, नुसतं पाहिलं.
बुधवारी, चॅपलच्या मागच्या खोलीत, चहा द्यायला जायचे.
केरिस नावाची मुलगी, भर जुलैत लांब बाह्या,
मुठीत बर्फ आवळून बसलेली.
पाणी कोपरापर्यंत ओघळायचं.
तिला पुरावा नको होता, पत्ताही नको,
पुढची दहा मिनिटं तेवढी हवी होती.
कुणीतरी घड्याळ धरून शेजारी बसायचं,
आणि मिनिटं होऊन जायची.

फेब्रुवारीत मी वाळूवर उतरले.
भीती आलीच, बुटांत पाणी यावं तशी.
ओहोटीचं वेळापत्रक दोनदा वाचलं,
शून्य आठवलं, पोराची बाळी आठवली,
खाडीच्या वळणावर, इवानच्या जागी,
ओल्या वाळूचा गोळा मुठीत घट्ट धरला.
यातलं काय लागू पडलं, मला विचारू नकोस.
अर्धी बादली भरली त्या दिवशी.
बारक्या शिंपल्या चाळणीतून परत पडल्या,
पडायलाच हव्यात.

पेन आहे ना तुझ्याकडे?
राहू दे. झाकण लाव त्याला.
आधी सांग,
रात्री तीनला
तुला ते काय म्हणतं?