शून्याचं टोक

भाला जिथे रुततो
तिथे फितीचं शून्य धरायचं.
आकडा दुसऱ्या टोकाला, फेकणाऱ्याच्या पायाशी वाचतात.
एकवीस वर्षं मी शून्याकडे उभा राहिलो,
बांबोळीला, फोंड्याला,
कधी काणकोणच्या शाळेच्या उतरत्या मैदानावर,
म्हणून शेवंती वेळीपचा चेहरा मला
कायम साठ पावलांवरूनच ठाऊक.

पहिल्यांदा आली ती गावडोंगरीहून,
शाळेच्या निळ्या स्कर्टात, अनवाणी.
भाला तिनं मधोमध धरून तोलून पाहिला,
काजू पाडायची काठी निवडताना पाहतात तसा:
शेंडा जड की बूड.
बार्रेटो मास्तर म्हणाले, दोरी गुंडाळलीय तिथे धर.
तिनं धरलं.
मी विडी पेटवत होतो.
ती अर्धीच टाकून मागे पळालो.

मास्तरांनी नंतर विचारलं, हा हात कुणी शिकवला?
म्हणाली, रानडुकरांनी.
बापाबरोबर रात्रभर माळ्यावर बसायची,
अंधारात आवाजाच्या रोखानं दगड भिरकवायची.
लागला की कळतं, म्हणाली,
नाही लागला तर सकाळी नाचणीवरून कळतं.

कदंबच्या बसमध्ये भाला आडवा मावत नाही.
कंडक्टर म्हणायचा, लगेज फाडावं लागेल.
ही म्हणायची, उभाच आहे ना तो, मग माणसाचं फाड.
केप्यापर्यंत हा वाद, रोज.

विक्रमाच्या दिवशी
झुआरीवरून उलटा वारा होता.
भाला येताना आवाज होत नाही असं लोकांना वाटतं.
होतो.
पोफळीची विरी सुटते
आणि जमिनीला लागायची असते, त्या मधला.
मी फक्त टोक पाहिलं. गवतात. ताठ.
शेपूट थरथरत होतं
आणि मी शून्य लावायचं विसरून
ते थांबेपर्यंत बघत बसलो.
सत्तेचाळीस बासष्ट.
राज्यात तेवढं कुणी फेकलं नव्हतं.
टाचेनं मी तो खड्डा बुजवला,
नियमच आहे तसा.

मग देशात पाचवी, सातवी, पुन्हा पाचवी.
पेपरात आडनाव दर वेळी वेगळं,
एकदा तर वेलीप, एकदा वेल्लप.
पाणीपुरवठा खात्यात चिकटली,
सकाळी मैदान, दुपारी लोकांच्या मीटरचे आकडे.
कोपर सुजायचं. बर्फ मडगावच्या मासळी बाजारातून आणायची,
त्यामुळे तिच्या हाताला
बांगड्यांचा वास यायचा, असं मास्तर सांगत.
मला काय माहीत,
मी साठ पावलांवर.

शेवटची फेक अडतीसला पडली, आडवी, पोटावर.
लाल झेंडा.
ती स्वतःच चालत आली भाला उचलायला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच इथवर.
मागे वळून रेषेकडे पाहत उभी राहिली,
म्हणाली, सर, इथून मी कशी दिसायचे?
मला काही चांगलं सुचलं नाही.
म्हटलं, आधी हात दिसायचा. मग तू.

गेल्या वर्षी माझे गुडघे गेले
तेव्हा फीत तिच्या हातात दिली.
मी खुर्चीवर, छत्री घेऊन.
चिंचिणीची जोविता कार्दोज, सतरा वर्षांची,
धावताना जीभ बाहेर काढते.
तिचा भाला आला तो इतका सपाट
की टोक आधी की पोट आधी,
मला छत्रीखालून कळेना.
कुणालाच कळलं नसतं
तिच्याशिवाय. ती तिथेच होती.
लाल झेंडा दाखवला असता
तर मैदानात एक माणूस बोलला नसता.

पांढरा.

मग ती खाली बसली,
गवत बाजूला सारून ओरखडा शोधला
आणि फीत ताणली गेली.
पलीकडून कुणीतरी आकडा ओरडलं.
वारा होता, मला नीट ऐकू आलं नाही.
तिला आलं असावं.
पोरं टाळ्या पिटत रेषेकडे पळाली तरी
ती वाकलेलीच होती,
शून्य अंगठ्याखाली दाबून,
मी धरायचो त्याहून
जरा जास्तच वेळ.