नोरिएबाईंचा कोंडा

जाताना बाईंनी मिक्सर दिला, टेबलफॅन दिला,
चांगल्या दोन उशा दिल्या,
आणि अगदी शेवटी, लिफ्टपाशी, दोन्ही हातांनी
हे झाकणाचं मडकं.
आत तांदळाचा कोंडा, मीठ,
आणि त्यांच्या आईच्या हातची अठरा वर्षं.
म्हणाल्या, सुगंधाताई, रोज एकदा हात घालायचा.
नाही घातला तर मरतं.

पवईहून भांडुपला रिक्षा केली त्या दिवशी.
मडकं मांडीवर, तान्हं पोर धरावं तसं.
रिक्षावाला दोनदा आरशात बघून म्हणाला,
मावशी, काहीतरी आंबलंय.

आंबलंय खरं. आंबायलाच ठेवलंय.

चौदाव्या मजल्यावर तीन वर्षं
मी त्यांना पोळी शिकवली,
त्यांनी मला, पाणी उकळू न देणं.
उकळायच्या जरा आधी
समुद्रातल्या पाल्याची ती काळी पट्टी बाहेर काढायची.
हे ‘जरा आधी’ मला वर्षभर कळलं नाही.
आमच्यात सगळं उकळतंच.

जानेवारीच्या सात तारखेला सात पाल्यांची पेज.
त्यांच्याकडचा एकही पाला आमच्या बाजारात नाही.
मी मुळ्याचा नेला, मेथी, माठ, चाकवत,
चुका, राजगिरा, शेपू.
शेपू त्यांनी हुंगला, वाकून नमस्कार केला
आणि मला परत दिला.
सहावर भागवलं.
मी सांगितलं, आमच्या ऋषीपंचमीला
बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही.
त्यांनी ते वहीत लिहून घेतलं,
शेजारी बैल काढला. कुत्र्यासारखा आला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दार सताड उघडून
भाजलेले सोयाबीन भिरकावायचे.
भूत बाहेर, भाग्य आत.
वॉचमन झाडू घेऊन वर आला.
मग वयाइतके दाणे मोजून खायचे, वर एक पुढचा.
मी अडले. आई एवढंच सांगायची,
हापूसला मोहोर धरला नाही त्या साली तू झालीस.
बाईंनी बशी सरकवली.
म्हणाल्या, पोट भरेल तेवढं तुझं वय.

बांबूचे कोंब त्यांच्याकडे वसंतात, आमच्याकडे आषाढात.
त्या कोंडा घालून उकडतात,
मी रात्रभर भिजत घालते.
कडूपणा दोन्ही गावांचा सारखाच.

मे महिन्यात मडकं फुगलं.
वास जिन्यापर्यंत.
नवरा म्हणाला, एक तर ते राहील, नाहीतर मी.
मी मूठभर मीठ घातलं, मोहरीची पूड घातली,
फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी जागा केली.
दोघंही राहिले.

सर्वपित्रीला कावळा येईना.
वडे गार, खीर गार, दीर पत्र्याकडे बघून बघून थकले.
म्हणाले, वहिनी, आईचं काही राहिलंय का?
मी आत गेले.
काकडीला चार काड्या टोचल्या, वांग्याला चार.
बाई ऑगस्टात मांडायच्या:
येताना घोडा, म्हणजे लवकर येतील,
जाताना गाय, म्हणजे सावकाश जातील.
घोडा पानाशेजारी ठेवला. कोणी काही बोललं नाही.
कावळा उतरला, घोड्याचा मागचा पाय उपटला
आणि पळाला.
शिवला, शिवला, म्हणाले सगळे, आणि जेवायला बसले.
गाय मात्र मी
तिन्हीसांजेपर्यंत उचलली नाही.

रात्री भांडी झाली की बांगड्या वर सारते,
हात तळापर्यंत घालते.
खालचं वर, वरचं खाली.
गार, ओलसर, वाळूसारखं.
कुठला कण त्यांच्या आईचा, कुठला माझा,
आता कोण निवडणार?

काल बाईंचा फोन आला.
आधी पाऊस विचारला, मग मुलगी, मग हळूच,
जिवंत आहे?
म्हटलं, आज कोवळं पडवळ घातलंय.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही,
फक्त कुठेतरी पाणी तापल्याचा आवाज.
मग म्हणाल्या,
पडवळ म्हणजे काय?