सव्वातीन

कोठारींनी फोनवरच सुनावलं :
भिया, वजनात मारलंस.

चारचे पैसे मोजले,
पडद्यावर दिसते सव्वातीन.
तीन पिढ्या सराफ्यात सोनं तोलणारं घर,
पाऊण जीबीची घट
त्यांना झोपू देईना.

संध्याकाळी गेलो. मशीन उघडलं.
दोन-दोनच्या दोन पट्ट्या,
दोन्ही जागेवर, हिरव्या, ठणठणीत.
माल पूर्ण आहे, म्हटलं.
मग कमी काय पडतं?
घरनंबर.

आता हे कसं सांगायचं?
बत्तीस खणांत बसतील तेवढेच आकडे,
चारशे एकोणतीस कोटी आणि वर चिल्लर,
मग संपले.
त्यातले काही पडद्याच्या कार्डाने आधीच अडवलेले,
काही अशा सामानाने
ज्याची नावं मलाही धड माहीत नाहीत.
उरलेली मेमरी मागे उभी आहे,
आत दिवे, दारं रंगवलेली,
पण पाटी नाही,
म्हणून पोस्टमन तिकडे वळत नाही.

मग वाढवा नंबर, ते म्हणाले,
निगमवाले करतात तसं, बारा-अ, बारा-ब.
वाढवतात, म्हटलं,
पण त्याला चौसष्ट खणांची व्यवस्था लागते
आणि तुमचं हिशेबाचं जुनं सॉफ्टवेअर
तिच्यात पाऊल ठेवत नाही.

एवढ्यात बाहेर शटरं पडायला लागली.
गेंदालालने कढई आणून ओट्यावर ठेवली,
गराडूच्या फोडी पाण्यातून काढल्या.
थंडी होती, तेलाचा वास बरा वाटला.

हा ओटा कुणाचा?
माझा, कोठारी म्हणाले.
त्याला विचारा, तोही माझाच म्हणेल,
आणि दोघंही खरं बोलता.

मशीनमध्येही असंच आहे.
तुमच्या खतावणीला सांगितलंय,
सगळं शहर तुझंच, पहिल्या नंबरापासून.
नातवाच्या पत्त्यांच्या खेळालाही
अगदी तेच पत्ते दिलेत.
एकाच नंबराच्या घरात दोघं राहतात
आणि जिन्यात कधी भेटत नाहीत,
कारण मध्ये एकजण वही घेऊन बसलाय.
कुणाचं कुठलं घर खरं कुठल्या ओट्यावर,
ते फक्त त्याच्या वहीत.
वरचा अर्धा भाग मात्र
दोघांच्याही नकाशात राजवाडा.
तिथे परवान्याशिवाय पाय टाकलात
तर जागीच संपलात.

आणि जागा भरली की?
ज्याला बराच वेळ कुणी हाक मारली नाही
त्याचं बिऱ्हाड तो उचलतो,
मागच्या गोदामात नेऊन ठेवतो.
त्या बिऱ्हाडाला पत्ताही लागत नाही.
हाक आली की परत आणतो, पाठीवर.
तुम्ही माऊस आपटता ना, हँग झालं म्हणून,
तेव्हा तो पोतं घेऊन जिना चढत असतो.

कोठारी कढईकडे बघत राहिले.
मी विचारलं, गेंदालाल भाडं काय देतो?
काही नाही. रात्रभर दाराशी उजेड राहतो.
मग जरा थांबून :
राहू दे ती पाऊण आतच.
तिजोरीतलं सगळं
रोज अंगावर घालतं का कुणी?
आणि माझे पैसे दिले, नेहमीप्रमाणे
वरचे वीस रुपये कापून.

एक गोष्ट सांगायची राहिली.
शून्य नंबराचं घर कुणालाच देत नाहीत.
मुद्दाम रिकामं ठेवतात.
जो आपला पत्ता भरायला विसरतो
तो नेमका तिथे जाऊन धडकतो
आणि लगेच सापडतो.

त्याहून वाईट, पत्ता पाठ असणं.
मालवा मिलच्या मागची आमची खोली,
नंबर एकशे सतरा,
सोडून एकोणीस वर्षं झाली.
अजून कुठल्याही फॉर्मवर
हात आधी एक, एक, सात लिहितो.
गेलो तर दार उघडेलही.
आत कुणीतरी जेवत असेल,
घास तसाच धरून विचारेल,
कोण हवंय?

कागदातला शेवटचा गराडू गार झाला होता.
तिखट मात्र तसंच होतं.
रामबागेपर्यंत बोटं चोखत आलो.