पान एकोणचाळीस

ठाणे बंदर, सन एकसष्ट.
बोटीने आलेलं, दोन महिने शिळं वर्तमानपत्र
मी वालजी शेठना वाचून दाखवतो.
ते वखारीच्या ओट्यावर पाय सोडून बसलेले,
कानात हिन्याचा फाया.

अमेरिकेत एक संस्थान फुटलं, मी म्हणतो.
पुढच्या टपालात आणखी सहा.
शेठ पेरं मोजतात. कापूस किती त्यांच्याकडे?
मँचेस्टरला जातो तो बहुतेक तिथलाच.
शेठ पाय वर घेतात.

भाऊ चूल वेगळी मांडतात ती
बांधावरून, आंब्यावरून, कुणाच्या तरी बोलण्यावरून.
यांनी सभा भरवून, ठराव करून, सह्यांनिशी लिहिलंय,
आडपडदा नाही:
आमची माणसं ही आमची मालमत्ता.
नवा अध्यक्ष अजून खुर्चीत बसला नव्हता,
भीती आधीच येऊन बसली होती.

"बैलासारखी?"
"बैलासारखी. पोरंसुद्धा धन्याचीच."
"राम राम राम," शेठ म्हणतात,
आणि भिवंडीचे पडाव आजच सांगून ठेव, म्हणतात.

मग तोफा सुटल्या.
दीडशेची खंडी सहाशेला गेली.
चेंदणीच्या कोळ्यांनी जाळी खुंटीला टांगली, कापूस वाहिला.
माझ्या बायकोच्या हातात पाटल्या आल्या.
तिकडे किती पडले ते मी वाचायचो,
शेठ म्हणायचे, पुढे.

गासड्या उचलायला लखमा काथोडी.
पान एकोणचाळीस, मोडीत, माझंच वळण:
लग्नाकरिता दिले रुपये बावीस.
गडी राहील. फिटेपर्यंत.
'फिटेपर्यंत'वर शाई फुटली आहे.
खाली, दुसऱ्या वर्षीच्या शाईत: मुलगा एक.

एकदा त्याने विचारलं,
रावजी, ती लढाई कशापायी?
लांबची आहे, मी म्हणालो.
तो मिशीतले कापसाचे तंतू काढत राहिला.

पासष्टला लढाई संपली.
भाव असा कोसळला, की कापूस भरलेले पडाव
खाडीतच उभे राहिले, उतरवून घ्यायला कुणी येईना.
वालजी शेठ एका रात्री कुठे गेले,
हिरू नाखवाला माहीत असावं. तो बोलत नाही.

वखार लिलावात निघाली.
तराजू, गोण्या, ओल धरलेला माल, सगळं मातीमोल.
वह्या मीच वाचून दाखवल्या.
पान एकोणचाळीस आलं तेव्हा
भिवंडीच्या एका माणसाने
घासाघीस न करता
बावीस रुपये मोजले, वर व्याज.

लखमा दाराशी उभा होता,
पोराने त्याचं बोट धरलेलं.

मी थुंकी लावून पान उलटलं.